निर्दाह

पडद्यावर पळणारे ते शुक्राणू आपलेच आहेत, हे पीयूष मोहुर्लेला काही केल्या पटत नव्हतं. बरेचसे जागच्या जागी थरथरत होते. काही स्वतःभोवतीच गोल फिरत होते. एका कोपऱ्यात मात्र चार-दोन जण सरळ रेषेत निघाले होते.

"हे बरे दिसतात ना, मॅडम?" त्यानं विचारलं.

"पळतात बरे," डॉ. संघमित्रा रामटेके म्हणाल्या. "पण पळणाऱ्याच्या पिशवीत काय आहे, तेही बघू या."

त्यांनी दुसरं चित्र लावलं. "ज्याच्याभोवती उजेडाचं कडं दिसतं त्याचं डीएनए शाबूत. कडं नाही, त्याच्या डीएनएचे तुकडे झालेत."

पीयूष कडी शोधत राहिला. शेजारी बसलेली त्याची बायको आचलही शोधत होती. ती चंद्रपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. तिनं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

त्यांच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. गर्भ राहायचा, तिसऱ्या महिन्यापर्यंत टिकायचा आणि जायचा. असं तीनदा झालं होतं. दरवेळी तपासण्या आचलच्या झाल्या, औषधं आचलनं घेतली, पथ्यं तिनं पाळली. पीयूषचा नमुना एकदाच पाहिला गेला होता. आकडा ठीक आहे एवढं सांगून डॉक्टरांनी तो विषय मिटवला होता.

"म्हणजे दोष माझ्यात होता," पीयूष म्हणाला.

"दोष म्हणू नका. जळलंय, असं म्हणा." रामटेके मॅडमनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "तुमच्याकडे जवसाचं तेल असतं ना घरी? बाटली उघडी राहिली तर काय होतं?"

"खवट होतं."

"का होतं? हवेतला ऑक्सिजन तेलातल्या नाजूक रेणूंना भिडतो आणि त्यांची मोडतोड करतो. शुक्राणूचं आवरण अशाच नाजूक, पातळ तेलांचं असतं, म्हणून तर तो इतका लवचिक असतो. आपल्या प्रत्येक पेशीत ऑक्सिजन वापरताना थोडा अर्धवट सुटतो. हे सुटलेले रेणू भुकेले असतात. समोर जे येईल त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात. बाकीच्या पेशींकडे विझवायची सोय असते, डागडुजीची सोय असते. शुक्राणूकडे ती जवळपास नसते. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस जसं ओझं टाकून देतो, तसं त्यानं सगळं टाकून दिलेलं असतं. आगी जास्त आणि विझवणारे कमी झाले की त्याला आम्ही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतो. आधी आवरण खवट होतं, मग शेपटीचं बळ जातं, मग आतलं डीएनए तुटतं. थोडं तुटलेलं स्त्रीबीज सांधून घेतं. फार तुटलं असेल तर गर्भ धरतो, पण टिकत नाही."

आचलनं हातातला रुमाल घट्ट पिळला. तिन्ही गर्भांचा हिशेब तिला कुणीतरी पहिल्यांदाच नीट मांडून दाखवत होतं.

ते २०४६ साल होतं. चंद्रपूरचा उन्हाळा आता माघातच सुरू व्हायचा. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पीयूषची रोपवाटिका होती. शेडनेटखालच्या उकाड्यात आणि खतांच्या वाफेत तो सकाळपासून राबायचा. त्याच्या वयाचे निम्मे पुरुष थोड्याफार फरकानं याच अवस्थेत आहेत, असं मॅडम म्हणाल्या. गोळ्या, फळं, थंड पाणी यांनी ज्यांचं भागायचं त्यांचं भागत होतं. पीयूषचं भागण्यापलीकडे गेलं होतं.

"आमच्या या नागपूरच्या केंद्रात एक नवा उपचार आहे," त्या म्हणाल्या. "अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहे. नाव निर्दाह. तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी आग लावणाऱ्या आहेत पांढऱ्या पेशी. शरीराचे शिपाईच ते. जंतू दिसला की त्याच्यावर ऑक्सिजनचे जळते रेणू फेकतात. तुमच्या वृषणात जंतू नाही, काही नाही, तरी उष्णतेमुळे हे शिपाई बिथरलेत आणि एकसारखे फेकत सुटलेत. एका इंजेक्शननं तिथल्या शिपायांचं ते शस्त्र काढून घेता येतं. शस्त्र बनवणाऱ्या जनुकातलं एक अक्षर बदलायचं, बस."

"आणि बाकीच्या शरीरातल्या शिपायांचं?" आचलनं विचारलं.

"औषधाच्या कणांवर पत्ता लिहिलेला असतो. ते तिथंच उतरतात. माकडांमध्ये तरी दुसरीकडे कुठं गेलेले नाहीत."

"माकडांमध्ये," आचल हळूच म्हणाली.

पीयूषला तिचा सूर कळला होता. पण पडद्यावरचे ते बिनकड्यांचे ठिपके अजून त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. त्यानं होकार दिला.

*

उपचाराच्या दिवशी बाजूच्या खाटेवर रोशन येरणे होता. ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या गोदामावर मुकादम. भीती वाटली की तो बडबड करायचा. "भाऊ, सुई कुठं टोचणार हे माहीत असतं तर आलोच नसतो," असं म्हणून त्यानं नर्सलाही हसवलं. निघताना दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले.

उन्हाळा सरला, पाऊस येऊन गेला. पीयूषच्या नमुन्यात उजेडाची कडी दिसू लागली. दिवाळीच्या सुमारास आचलला दिवस राहिले. तिसरा महिना आला तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलेना. पीयूषची आई रेखाबाई सुनेला उठून पाणीही घेऊ देईना. तिसरा महिना गेला, चौथा सुरू झाला. तेव्हा कुठं आचल एका सकाळी आरशासमोर एका बाजूला वळून उभी राहून पोटाकडे पाहताना दिसली.

रेखाबाईचा रोपवाटिकेच्या मागच्या बाजूला धिंगरी अळंबीचा धंदा होता. ओल्या तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या पिशव्या टांगलेल्या, त्यांच्यातून पांढरे कान फुटलेले. नवरा गेल्यावर तिनं याच शेडवर पीयूषला शिकवलं होतं. त्या आठवड्यात तिनं गल्लीत सगळ्यांना फुकट अळंबी वाटली. कारण कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

त्याच आठवड्यात पीयूषच्या तळहाताला जाळीची तार लागली होती. एवढंसं खरचटलं होतं, पण बरं होईना. कडेला गाठ आली, तिच्यात पू झाला. त्यानं हळद लावली आणि विसरला.

रामटेके मॅडमचा फोन आला तेव्हा तो कंपोस्टचा ढीग उलटवत होता.

"कुठं आहात?"

"वाटिकेत. काय झालं?"

"पीयूष, जे हातात आहे ते खाली ठेवा. तोंडाला कपडा बांधा आणि तिथून बाहेर निघा. पळू नका, धाप लागेल आणि जास्त हवा आत जाईल. मातीला हात लावू नका. आजच नागपूरला या. आचललाही आणा."

"पण झालं काय?"

त्या म्हणाल्या, "रोशन येरणे गेला. गोदाम झाडायला घेतलं होतं त्यानं. भिजलेलं धान होतं, बुरशी चढलेली. आठवडाभरात दोन्ही फुप्फुसं भरली."

*

प्रयोगशाळेत मॅडमनी पीयूषच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला, आचलच्या रक्ताचा दुसऱ्या काचेवर. दोन्हींवर पिवळं द्रावण टाकलं आणि पांढऱ्या पेशींना डिवचण्यासाठी एक औषध सोडलं.

"पेशी जळते रेणू फेकायला लागली की हा पिवळा रंग निळा होतो," त्या म्हणाल्या.

आचलची काच आधी पाहिली. एकूण एक पेशी निळीशार झाली होती, शाई सांडल्यासारखी. मग पीयूषची. पिवळ्या मैदानात निळे ठिपके कुठं कुठं होते. खूप शोधल्यावर सापडत होते.

"पत्ता चुकला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी काच बाजूला ठेवली. "काही कण हाडांच्या मगजात गेले. तिथं नव्या पांढऱ्या पेशी तयार होतात. आता बहुतेक पेशी बिनशस्त्राच्याच जन्मतात. ज्या आगीनं तुमचे शुक्राणू जळत होते, त्याच आगीनं शरीर बुरशी जाळतं, काही जिवाणू जाळतं. आपण श्वासाबरोबर रोज बुरशीचे बीजाणू घेतो. आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण ते आत जाऊन जळून जातात. तुमच्या आत ते जळणार नाहीत. रुजतील."

पीयूष स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला. त्याचं सगळं आयुष्य रुजवण्यात गेलं होतं.

"यावर औषधं आहेत," मॅडम पुढे म्हणाल्या. "रोज घ्यावी लागतील, बहुधा जन्मभर. माती, खत, ओला कचरा, धान्याचं कोठार, सगळं बंद. रोपवाटिका बंद."

"आणि बाळ?" आचलनं विचारलं.

मॅडमनी पीयूषची फाईल उघडली.

"पीयूषनं गेल्या भेटीत दिलेल्या नमुन्याची मी काल तपासणी केली. शुक्राणू ज्या मूळ पेशींतून तयार होतात, त्यांच्यापर्यंतही तो बदल पोचलाय. आता मी सांगते ते नीट ऐका. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाप मुलाला वाय देतो, एक्स देत नाही. म्हणजे मुलगा असेल तर त्याच्याकडे हा बदल जाऊच शकत नाही. तो पूर्ण निरोगी. मुलगी असेल तर बापाचं एक्स तिला मिळणारच, आणि त्यावर हा बदल बहुतेक असणारच."

"मग तिच्यात माझ्यासारखंच होणार?" पीयूषनं विचारलं.

"तसं सरळ नाही. तिला दुसरं एक्स आचलकडून मिळतं. ते चांगलं आहे. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एकच एक्स जागं राहतं आणि एक झोपतं. कुठलं झोपायचं हे गर्भ अगदी लहान असताना ठरतं, नाणं उडवल्यासारखं. म्हणून तिच्या काही पेशी निळ्या होतील, काही होणार नाहीत. निम्म्या निळ्या असल्या तर ती शंभर वर्षं जगेल. अगदी थोड्या असल्या तर…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आणि पुढं तिला मुलगा झाला, तर त्याला हा आजार असण्याची शक्यता निम्मी."

"पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी तपासलं तर काय कळेल?" पीयूषनं विचारलं.

"सरकारनं या प्रयोगातल्या जोडप्यांसाठी सुरुवातीपासूनच खास परवानगी दिली आहे. मुलगा की मुलगी ते कळेल. मुलगी असेल तर बदल आहे की नाही ते कळेल. किती पेशी निळ्या राहतील, ते मात्र जन्मल्यावरच. आणि सुईमुळे गर्भ जाण्याचा धोका थोडा असतोच."

आचल उठली. "तीन गर्भ सुईशिवायच गेले माझे. आणि ही सुई सांगणार काय? एवढंच ना, की मुलगी आहे?"

मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या, "परवानगी आल्यापासून प्रयोगातल्या ज्या ज्या बाईनं तपासणी करून घेतली, त्यातली पोटात मुलगी असलेली एकही पुन्हा माझ्याकडे आली नाही. मी डॉक्टर आहे, मला तुम्हाला तपासणी सांगणं भाग आहे. हेही सांगणं भाग आहे."

*

त्यांनी चंद्रपूर शहरात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. खिडक्यांना बारीक जाळ्या, हवा गाळणारं यंत्र, एकही कुंडी नाही. रेखाबाई वाटिकेतच राहिली. आठवड्यातून एकदा यायची, आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून, आणि दाराबाहेर चपला काढून तिथंच उभी राहायची.

पीयूषला आता सगळीकडे बीजाणू दिसायचे. उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगली की तो श्वास रोखायचा. पावाच्या तुकड्यावर हिरवट डाग दिसला तेव्हा त्यानं अख्खा डबा खिडकीतून फेकला. रोशनच्या बायकोला त्यानं एकदा फोन केला होता. शेवटी शेवटी काय झालं ते तिनं सांगितलं. ते ऐकल्यापासून डोळे मिटले की त्याला रोशन दिसायचा. रोशन हळूहळू लहान होत जायचा, आणि शेवटी खाटेवर एक तान्ही मुलगी तोंड उघडून हवा शोधत पडलेली असायची.

कायद्यानं गर्भ काढायची मुदत संपायला थोडेच आठवडे राहिले होते. आचल त्या विषयाला तोंडच फोडू द्यायची नाही.

केंद्राबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस उभा असायचा. प्रयोगातले पुरुष त्याला ओळखायचे. मुलगा की मुलगी हे पट्टीवर कळायला आईच्या रक्ताचा एक थेंब पुरे, असं तो सांगायचा. त्या थेंबात बाळाच्या डीएनएचे तुकडे तरंगत असतात. ती पट्टी बेकायदा होती. पीयूषनं ती घेतली आणि औषधांच्या पिशवीत तळाशी ठेवली. आचलला गरोदरपणात साखर निघाली होती. ती रोज सकाळी बोट टोचून साखर पाहायची आणि कापसाचा बोळा टोपलीत टाकून कॉलेजला जायची.

एके सकाळी ती गेल्यावर पीयूषनं तो बोळा उचलला.

पट्टीवर रंग उमटायला फार वेळ लागला नाही. त्यानं ती पट्टी कात्रीनं बारीक कापली आणि संडासात सोडली. मग हात धुतले, पुन्हा धुतले.

त्या दिवसापासून तो बदलला. सुईच्या धोक्याचे आकडे शोधून आणायला लागला, ते किती कमी आहेत हे पटवायला लागला. "फक्त माहिती असलेली बरी," असं म्हणायचा. "तयारी करता येईल."

एके दिवशी तो तेच बोलत असताना आचल पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं ठेवलं.

"तुला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"परवापर्यंत तू घाबरत होतास, पण गप्प होतास. आता मागं लागलास. मुलगा असता तर तू शांत झोपला असतास, पीयूष. मला काही बोललाही नसतास."

तव्यावरची पोळी करपायला लागली, तिनं गॅस बंद केला.

"कसं कळलं तुला? माझं रक्त घेतलंस?"

"कापसावरचं," तो म्हणाला. "आचल, मी रोशनच्या बायकोशी बोललो आहे. तू नाही बोललीस. तो कसा गेला ते तुला माहीत नाही. मला ते पुन्हा बघायचं नाही. एवढ्याशा जिवात तर नाहीच नाही."

"सात वर्षं मला जो कुणी भेटला तो माझ्या पोटात काय चुकलं ते शोधत होता," आचल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच पीयूषला जास्त भीती वाटली. "एक तू तेवढा नव्हतास त्यांच्यात. आता तूही टोपलीत हात घातलास."

पीयूष चपला घालून बाहेर पडला. मुखपट्टी खुंटीवरच राहिली.

*

तो वाटिकेत गेला. दुसरं कुठं जायचं हे त्याला सुचलंच नाही. शेडनेटखाली सकाळचं पाणी दिलेलं होतं, ओल्या मातीचा वास येत होता. कितीतरी आठवड्यांत त्यानं तो वास घेतला नव्हता. कंपोस्टच्या ढिगाशेजारी विटांच्या ओट्यावर तो बसला आणि खूप वेळ रडला. रडताना माणूस तोंडानं खोल श्वास घेतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

आईनं त्याला लांबून पाहिलं आणि किंचाळलीच. "काऊन आला रे इथं? ऊठ! ऊठ पहिले!"

आठवड्याच्या आत त्याला ताप चढला. छातीचं चित्र काढलं तेव्हा दोन्ही बाजूंना कापूस पिंजल्यासारखे पांढरे ढग होते. नागपूरला अतिदक्षता विभागात काचेच्या खोलीत त्याला ठेवलं. औषध शिरेतून जायचं आणि त्याला थंडी भरायची, दात वाजायचे. श्वास घेतला तरी पुरायचा नाही. फुप्फुसात आपल्याच वाटिकेतलं काहीतरी मुळं सोडतंय, पांढऱ्या धाग्यांची मुळं, हे त्याला जागेपणी जाणवायचं. हेच तिच्या वाट्याला येणार, असं तो त्या गुंगीत बडबडायचा. नर्सला वाटायचं, हा कुणा बाईबद्दल बोलतोय.

काचेपलीकडे आचल यायची. ती पहिल्यांदा आली तेव्हा नुसती उभी राहिली आणि गेली. दुसऱ्यांदाही तेच. गर्भ काढायची मुदत मध्येच कधीतरी संपून गेली होती.

मग एका दुपारी तिनं भिंतीवरचा फोन उचलला. आत पीयूषच्या उशाशी तिचा आवाज आला.

"माझी साखर आटोक्यात आहे," ती म्हणाली. "तिचं वजनही बरं आहे."

पीयूषच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. त्यानं हात वर केला. तिला तो दिसला की नाही, त्याला कळलं नाही.

तो वाचला. उजव्या फुप्फुसाचा खालचा तुकडा काढावा लागला. जिना चढताना यापुढे त्याला मध्ये थांबावं लागणार होतं. घरी आला तेव्हा रेखाबाई दारात बसलेली होती, सोबत एक पेटी. अळंबीच्या सगळ्या पिशव्या तिनं मजुरांकरवी लांब नेऊन जाळल्या होत्या. कंपोस्टचा ढीग उचलायला लावला होता. वाटिका शेजारच्या पाटलांना चालवायला दिली होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

"आई, तो तुमचा धंदा होता," आचल म्हणाली.

"असू दे, बाई. आता मले सांग, लेकरू कोठं झोपवाचं हाय? तिथली भिंत आधी मी धुतो."

*

मुलगी भर पावसाळ्यात झाली. रडली चांगली जोरात. नाळेतलं रक्त मॅडमनी स्वतः नेलं, आणि पीयूष त्यांच्यामागून प्रयोगशाळेत गेला. आचलनंच त्याला जायला सांगितलं होतं. "तू बघून ये," ती म्हणाली होती. "आणि जे असेल ते पहिल्यांदा मला सांग. आईंनाही नाही, मला."

मॅडमनी पिवळं द्रावण टाकलं. पीयूषनं डोळे मिटून घेतले होते. ते उघडावेत म्हणून मॅडमना त्याला दोनदा हाक मारावी लागली.

काचेवर पिवळं मैदान होतं. पण त्यात निळे ठिपके होते, आणि शोधावे लागत नव्हते. मॅडम मोजत होत्या. पहिली मोजणी झाली, त्यांनी काच सरकवून पुन्हा मोजलं.

"पाचातली एक," त्या म्हणाल्या. "काठावर आहे ती. आज एवढ्या शिपायांवर भागेल. पण वय वाढतं तसं हे प्रमाण कधीकधी घसरतं. दर सहा महिन्यांनी बघावं लागेल. औषध चालू ठेवू."

तो आचलजवळ आला आणि त्यानं हे शब्दशः सांगितलं. काही गाळलं नाही, गोड केलं नाही. तिनं ऐकलं. मग बाळाला त्याच्याकडे पुढं केलं. त्यानं हात मागे घेतला. आपल्या अंगावर काय असेल कुणास ठाऊक, असं त्याला वाटलं.

"घे," आचल म्हणाली. "हात धुतलेस ना? मग घे."

त्यांनी तिचं नाव ईशानी ठेवलं.

*

सहा महिन्यांनी ते पहिल्या तपासणीसाठी नागपूरला गेले. केंद्राचा व्हरांडा भरला होता. पीयूषला आधी वाटलं, ही सगळी प्रयोगातली माणसं असावीत. पण चेहरे नवे होते, तरुण, आणि त्यांच्या हातात नव्या कोऱ्या फायली होत्या.

मॅडमनी आत त्यांना सांगितलं. निर्दाहची नवी आवृत्ती आली होती. पत्ता दुरुस्त केला होता, कण आता हाडांच्या मगजात जात नव्हते. उपचार घेणाऱ्या पुरुषाला काही होत नव्हतं. शुक्राणूंच्या मूळ पेशींतला बदल मात्र टाळता आला नव्हता. ते संमतीपत्रात स्पष्ट लिहून मंजुरी मिळाली होती.

"मी विरोध नोंदवला आहे," मॅडम म्हणाल्या. "महिनाअखेर मी इथून जाते आहे. पण रांग माझ्यामुळे थांबणार नाही."

ईशानीचं रक्त आत गेलं होतं आणि निकालाला वेळ होता. ते व्हरांड्यात येऊन बसले. शेजारी अकोल्याकडचं एक जोडपं होतं. नवरा तिशीच्या आतला, बँकेत नोकरीला. बायको हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती, बंद करत होती. पीयूषला धाप लागलेली पाहून त्या तरुणानंच विचारलं, "दादा, तुम्ही घेतलं होतं का ते इंजेक्शन?"

पीयूषनं त्याला सगळं सांगितलं. रोशनचं सांगितलं, काचेच्या खोलीचं सांगितलं. छातीवरून पाठीकडे गेलेला व्रण शर्ट वर करून दाखवला. एक्स आणि वाय कसे जातात ते समजावलं, मॅडमनी समजावलं होतं तसंच. आचलच्या मांडीवरच्या ईशानीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हिच्या पाचातल्या चार शिपायांकडे शस्त्र नाही. ते माझ्याकडून गेलं. पुढं हिला मुलगा झाला तर त्याचंही नाणं उडवावं लागेल."

तो तरुण अगदी मन लावून ऐकत होता. मध्ये मध्ये मान हलवत होता. ईशानीकडे त्यानं खूप वेळ पाहिलं. ती त्याच्याकडे बघून हसली, तेव्हा तोही हसला. मग तो पीयूषच्या कानाजवळ झुकला.

"म्हणजे मुलगा झाला," त्यानं हळू आवाजात विचारलं, "तर काहीच धोका नाही ना?"

आचलनं ईशानीला छातीशी ओढून घेतलं आणि त्या तरुणाच्या बायकोकडे पाहिलं. तिनंही तो प्रश्न ऐकला होता. बाटलीचं झाकण तिच्या हातात तसंच राहिलं होतं.

आतून त्या जोडप्याचं नाव पुकारलं गेलं. तरुण फाईल सावरत उठला आणि दारापर्यंत गेला. तिथं वळून त्यानं मागे पाहिलं.

त्याची बायको बसूनच होती.